आजोबांची फेल्ट हॅट पावसात भिजली, हेअर ड्रायर मारला, आता डोक्यात बसत नाही. काय करू?

इगतपुरीचा_नातू

नमस्कार मंडळी, हॅट वापरणारं कुणी असेल तर प्लीज मदत करा, दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाहीये.

माझ्याकडे दोन फेडोरा आहेत, म्हणजे भोवती कड आणि वर पुढे चिमटा असलेल्या हॅटी. एक तपकिरी, लोकरीच्या फेल्टची, मागच्या दिवाळीत ऑनलाइन साडेतेराशेला घेतली. दुसरी राखाडी, आजोबांची. आजोबा इगतपुरीला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, त्यांच्या लाइनीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे, ते साठच्या दशकात कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा जाता जाता ही हॅट आजोबांना देऊन गेले. मग आजोबांनी ती इगतपुरीच्या पावसात वापरली, आणि तो पाऊस ज्याने बघितलाय त्याला मी वेगळं काय सांगू, आडवा येतो नुसता, छत्री उघडली की उलटी. आजी सांगायची की ते घरी आले की हॅट दारातच एकदा झटकायचे आणि फडताळावर उलटी ठेवून द्यायचे, बस. आत कपाळाला लागते त्या चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरं होती ती पुसली गेलीत त्यामुळे कंपनी कळत नाही.

आता झालेलं सांगतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीला गेलो होतो तेव्हा तपकिरी घातली होती. रविवारी रात्री कुशावर्त कुंडावरून निघालो, वीस किलोमीटर, पाऊस जवळजवळ अख्ख्या वाटेवर. पहाटेपर्यंत हॅटची पार रया गेली, कड चारी बाजूंनी खाली लोंबायला लागली आणि वरचा चिमटा पूर्ण निघून नुसतं टोपलं झालं. ती गेली त्याचं एवढं वाईट नाही वाटलं.

पण मागच्या गुरुवारी आजोबांची घालून बाहेर पडलो आणि नाशकात मेहेर सिग्नलला पावसाने गाठलं, तिथून रविवार कारंजापर्यंत चालत आलो. सुरुवातीला पाणी हॅटवर अळूच्या पानावर राहावं तसं थेंब थेंब उभं होतं, मला फार भारी वाटलं. घरी पोचलो तेव्हा वरून ओलसर होती पण आकार जसाच्या तसा, फक्त आतली चामड्याची पट्टी चिंब. आणि मी मूर्खासारखा आत हेअर ड्रायर धरला, पंधरा मिनिटं, फुल गरम. सकाळी घालायला गेलो तर घट्ट. जोर लावून बसवली तर कपाळावर लाल वळ उठला. पुढची कडही थोडी वर वळलीये.

ही आटली ती कायमची का? ड्रायक्लीनला देऊ का? आणि मुळात आपल्याकडच्या पावसात फेल्ट घालायची का नाही?

पडद्यामागची

अरे आधी ती जोर लावून घालणं बंद कर. आज, आत्ता. बाकीचं सावकाश होईल.

मी नाशिकला हौशी नाटकांची वेशभूषा बघते, वीस-बावीस वर्षं झाली, राज्य नाट्य स्पर्धेच्या धावपळीत हॅटी भिजवलेल्या, चेपलेल्या, पायाखाली आलेल्या सगळ्या बघितल्यात. कालिदास नाट्यगृहात एका प्रयोगात फवाऱ्याने पाऊस दाखवला होता, इन्स्पेक्टरची हॅट ओली झाली, दुसऱ्या अंकात परत लागणार म्हणून एका पोराने ती हॅलोजनसमोर धरली. आतली चामड्याची पट्टी पापडासारखी वळली आणि शिवणीतून सुटून हातात आली. फेल्टला तेव्हाही काही झालं नव्हतं. तुझंही तेच झालंय बघ. ओल्या चामड्याला ताप लागला की ते आकसतं, आणि पट्टी फेल्टला गोल शिवलेली असते त्यामुळे ती स्वतःबरोबर फेल्टला आत ओढते. पट्टी बाहेर उलटवून बघ, शिवणीच्या वर फेल्टला बारीक बारीक चुण्या दिसतील. चुण्या असतील तर आनंद मान, म्हणजे फेल्ट आटलेलं नाही, पट्टी आटलीये, आणि पट्टी थोडीफार परत येते.

टेप घेऊन डोकं मोज, कपाळाच्या मध्यावरून आणि कानाच्या बोटभर वरून. समजा ५७ सेंटीमीटर आलं. मग घरात एखादं तपेलं किंवा सरळ उभा स्टीलचा डबा शोध ज्याचा घेर ५२-५३ असेल, म्हणजे साधारण साडेसोळा-सतरा सेंटीमीटर रुंद. डोक्यापेक्षा बारीकच घ्यायचा, कारण डबा गोल असतो आणि डोकं लांबट. त्या फरकात पुढे आणि मागे पंचाची घडी घालायची म्हणजे आकार अंड्यासारखा होतो. पट्टी बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसून घे, नुसती पुसायची, भिजवायची नाही, तासभर तशीच ठेव. मऊ पडली की परत आत दुमड आणि हॅट डब्यावर चढव. बसली पाहिजे, कोंबायची नाही. पंख्याखाली रात्रभर. दुसऱ्या दिवशी परत फडकं फिरव आणि घडीत एक हातरुमाल वाढव. असं चार-पाच दिवस. अर्धा सेंटीमीटर मिळाला तरी खूप, जास्तीचा मोह करू नको कारण साठ वर्षांचं चामडं आहे, कोरडं पडलेलं असणार, एका झटक्यात चिरतं.

कड वळलीये ती वाफेवर येईल. पातेल्यात पाणी उकळायला ठेव, हॅट वाफेपासून वीतभर लांब, दहा-पंधरा सेकंद, फेल्ट हाताला कोमट आणि मऊ लागलं की गॅसपासून बाजूला घेऊन बोटांनी हवा तसा वळण द्यायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. वाफेने मऊ होतं, गार होताना आकार धरतं. चामड्यावर थेट वाफ जाऊ देऊ नको. आणि खिडकी उघडी ठेव, जुन्या हॅटींच्या फेल्टला पारा वापरायचे, अमेरिकेत तो १९४१ ला बंद झाला. तुझी किती जुनी आहे ते त्या ड्रायव्हर साहेबांनाच ठाऊक, म्हणून वाफेवर तोंड घालून बसू नको.

पट्टीला खोबरेल तेल लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. तेल चामड्यातून फेल्टमध्ये उतरतं आणि बाहेर रिबिनीच्या वर काळपट पट्टा दिसायला लागतो. ड्रायक्लीनला तर अजिबात नको, सॉल्व्हंटने पट्टीचं चामडं अजून कोरडं पडेल आणि वरून प्रेस मारली तर लव बसून जाईल.

नाशिकरोडचा_हॅटवाला

ताईंनी पट्टीचं सगळं बरोबर सांगितलंय. मी फेल्टबद्दल बोलतो कारण दोन हॅटींनी पावसात दोन वेगळे रंग का दाखवले हे कळलं की पुढचं आपोआप कळतं.

तपकिरी मेंढीच्या लोकरीची. राखाडी बहुतेक सशाच्या केसांची असणार, पाणी थेंब धरून उभं राहिलं म्हणालास त्यावरून सांगतोय. केस म्हणजे वरचे राठ नाहीत, कातडीलगतची मऊ लव. फेल्ट विणलेलं नसतं हे लक्षात घे, त्यात सूत नाही, ताणा-बाणा नाही. केसाला अगदी बारीक खवले असतात, ओलावा, उष्णता आणि दाब दिला की ते केस एकमेकांत सरकत जातात आणि मागे येत नाहीत. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर लहान आणि जाड होतो ना, तीच क्रिया, फक्त मुद्दाम आणि खूप वेळ केलेली. ससा, जंगली ससा, बीव्हर यांची लव फार बारीक असल्यामुळे फेल्ट पातळ असूनही घट्ट जमतं, पाणी आत शिरायला वेळ लागतो. हॅट कंपन्या बघ, इटलीतल्या अलेस्सांद्रियात बोर्सालिनो १८५७ पासून, फिलाडेल्फियात स्टेटसनने १८६५ ला सुरू केलं, ऑस्ट्रेलियाच्या अकुब्रा सुद्धा सशाच्याच. तिकडे गुराखी त्या हॅटी पावसात घालतात.

स्वस्त लोकरी हॅटमध्ये फेल्ट सैल असतं, आणि तो सैलपणा झाकायला आत खळ भरलेली असते. दुकानात ती कडक आणि मस्त वाटते, पण बऱ्याचदा ही खळ पाण्यात सुटणारी असते. तुझ्या फेरीत ती ब्रह्मगिरीला वाहून गेली आणि राहिला तो खरा फेल्ट, म्हणून लोंबली. चांगल्या हॅटला कडकपणा द्यायला लाख वापरतात, तीच आपली चपडी, सुतार पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवतात ती. ती पाण्याने जात नाही. पण उन्हाने मऊ होते, त्यामुळे गाडीत हॅट ठेवू नकोस. मी मे महिन्यात गोल्फ क्लब मैदानाजवळ गाडी लावून हॅट मागच्या काचेखाली ठेवली होती, दोन तासांनी आलो तर कड लाटेसारखी झालेली आणि आतली पट्टी आकसलेली, म्हणजे पाऊस नाही पाणी नाही आणि तुझ्यासारखंच नुकसान.

तपकिरीला वाफ देऊन चिमटा परत पाड, कड टेबलाच्या काठावर धरून सरळ कर, आणि स्पिरिटमध्ये चपडी अगदी पातळ करून कडेच्या खालच्या बाजूने ब्रशने एक हात दे. आधी पट्टीच्या आत लपणाऱ्या जागी लावून बघ. सुकल्यावर सिलिकॉनचा वॉटरप्रूफ स्प्रे मिळतो तो लांबून हलका मार. फिक्या रंगावर थोडा गडद होतो पण तपकिरीवर कळणार नाही.

पडद्यामागची

स्प्रे तपकिरीवर मार हवा तर, आजोबांच्या हॅटवर नको. तिला साठ वर्षं त्याची गरज पडली नाही. आणि चपडीचं मी सावध करते, थोडी जरी दाट झाली तर सुकल्यावर पांढरे डाग येतात आणि ते काढताना लव निघते, माझी एक काळी हॅट अशी गेलीये.

निफाडचा_बागाईतदार

राम राम भाऊ. आमचं घर द्राक्षाचं, मी तीन-चार वर्षं फेल्टची हॅट बागेत रोज घातली म्हणून वापराबद्दल सांगू शकतो, पावसाबद्दल ताई आणि दादा बोललेच.

माझ्या अनुभवाने हॅटला पाऊस एवढा खात नाही जेवढा घाम आणि आपला हात खातो. आमच्याकडे थंडीत सकाळी बागेत गेलं की डोक्यावर बरं वाटायचं, दुपारी ऊन चढलं की आत घाम, घामाचं मीठ पट्टीतून बाहेर येतं आणि रिबिनीच्या वरच्या अंगाला पांढरी नागमोडी रेघ उठते. त्यात आपण डोक्याला तेल लावणारी माणसं. घरी आलं की पट्टी रोज बाहेर उलटवून ठेवायची हे मला दोन वर्षांनी कळलं. तेलाचा डाग ताजा असेल तर मुलतानी माती कोरडीच टाकून ठेवायची, चार-पाच तासांनी ब्रशने झटकायची, तेल बऱ्यापैकी ओढून घेते. गडद हॅट असेल तर नीट झटका नाहीतर भुरकट दिसते.

आणि हात. सगळे हॅट पुढच्या चिमट्याला धरून काढतात, सिनेमात बघून. त्या दोन बोटांच्या जागीच फेल्ट झिजतं, आधी लव जाते, मग चकचकीत होतं, मग एक दिवस उजेडात धरलं की टाचणीएवढं भोक. माझ्या हॅटला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पडलं. त्याला रफू नाही होत कारण सूतच नाही, आतून पातळ फेल्टचा तुकडा चिकटवला तेवढंच. दोन्ही हातांनी कडेला पुढे-मागे धरूनच काढायची आणि घालायची.

द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधक धुरळतो तेव्हा तर हॅट घरीच. लवेत बसलेलं गंधक जाता जात नाही आणि पाऊस आला की पिवळे ओघळ. आता बागेत कापडी टोपी घालतो, फेल्ट फक्त गावात किंवा लग्नाला.

काळ्या मातीचे शिंतोडे उडाले तर ओले असताना बोट लावायचं नाही, चिखल सुकू द्यायचा, मग मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झटकला की पडतो. ओला चोळला तर बसलाच तो.

आमच्या शिवारात मेंढ्या बसवायला धनगर मंडळी येतात, त्यांच्यातल्या एका आजोबांना मी विचारलं होतं की घोंगडीतून पाणी का नाही येत. ते म्हणाले लोकरीतली चरबी धुवून टाकली तर येईल. कारखान्यात लोकर धुतली जाते, चरबी निघून जाते, मग फेल्टला स्वतःची अशी राखण उरत नाही, घट्टपणा हीच राखण.

नाशिकरोडचा_हॅटवाला

भाऊ घोंगडीचं एक नंबर सांगितलंत. ब्रशचं वाढवतो, साधारणपणे लव घड्याळाच्या उलट दिशेने बसवलेली असते, म्हणून हॅट समोर धरून डाव्या बाजूने सुरुवात करून गोल फिरत जायचं. केस मऊ हवेत, बुटाचा नवा ब्रश चालतो, पॉलिश लागलेला नाही.

इगतपुरीचा_नातू

आठ दिवसांनी येतोय, कारण मधे काही सांगण्यासारखं नव्हतं, नुसता पंचा आणि हातरुमाल.

ताई, चुण्या होत्या! तुमची पोस्ट वाचून पट्टी उलटवली आणि शिवणीच्या वर अगदी सुपारीच्या पिशवीच्या तोंडाला असतात तशा बारीक चुण्या दिसल्या, मी आईला ओरडून बोलावलं. घरात पितळी तपेलं निघालं, घेर ५२, आजीचंच. माझं डोकं ५७ भरलं आणि हॅट आतून ५६ ला अर्धा कमी. पाच रात्री केलं. पहिल्या दोन दिवसांत काहीच फरक नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी चुण्या विरघळल्यासारख्या दिसल्या. आता सव्वाछप्पन्नच्या आसपास आहे, घातली की बसते, वळ उठत नाही, अर्धा तास घातली की विसरायला होतं.

कडही आली, वाफेवर दोनदा धरली. पहिल्या वेळी घाईने सोडली तर परत वळली, दुसऱ्यांदा गार होईपर्यंत धरून बसलो.

पण एक झालं. चौथ्या रात्री मी हातरुमालाऐवजी नॅपकिन घातला, जाड होता, आणि सकाळी डाव्या बाजूला पट्टीला बोटाच्या पेराएवढी चीर दिसली, शिवणीपासून वर. तुम्ही सांगितलं होतं तरी केलं. ती वाढेल का? मोच्याकडून शिवून घेऊ का?

आणि श्रावण संपला तरी कपाटात कुबट वास आहेच, हॅट ठेवायची कशी तेही सांगा.

पडद्यामागची

मशीनवर कुणाला शिवू देऊ नको, जुन्या चामड्यात सुईची नवी भोकं पडली की तिथूनच फाटत जातं, पोस्टाच्या तिकिटासारखं. चिरेच्या मागून, म्हणजे फेल्टकडच्या बाजूने, पातळ मऊ चामड्याची किंवा सुती कापडाची पट्टी चिकटव, चिरेपेक्षा दोन्हीकडे बोटभर जास्त. रबरी गोंद बेताने. चीर शिवणीपर्यंत गेली असेल तर तिथले दोन-तीन टाके हाताने, जुन्याच भोकांतून सुई घालून, आणि दोरा सैल ठेव. मोची हाताने करणार असेल तर समोर उभं राहून करून घे. पट्टी बदलता येते पण मी असते तर बदलली नसती, ती अक्षरं पुसली असली तरी पट्टी आजोबांचीच आहे.

आता ठेवायचं. आपल्याकडे पाऊस थांबल्यावर हॅटी जास्त जातात. ओलसर हॅट कपाटात बंद केली की आठवड्यात आतल्या पट्टीवर पांढुरकी बुरशी धरते आणि वास बसतो. म्हणून भिजलेली हॅट दोन दिवस तरी बाहेर मोकळ्या हवेत राहू दे, उन्हात नाही, उन्हाने रंग उडतो. कडेवर टेकवून ठेवली तर वजनाने कड सपाट होते म्हणून वरच्या बाजूवर उलटी ठेवायची, पट्टी बाहेर काढून. तुझे आजोबा फडताळावर तशीच ठेवायचे ना.

दुसरी म्हणजे कसर. लोकर असो की सशाची लव, कसरीला दोन्ही सारखंच आवडतं. उडताना दिसणारा पतंग काही खात नाही, खाते ती अळी, आणि ती अंधारात, न हलवलेल्या, घामट कपड्यात असते. त्यामुळे ठेवायच्या आधी ब्रश मारायचाच, रिबिनीच्या घडीत सुद्धा. खोक्यात डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून टाक, फेल्टला चिकटू देऊ नको. मी कडुनिंबाचा सुकलेला पाला पण ठेवते पण नुसत्या पाल्यावर विसंबत नाही, महिन्यातून एकदा हॅट बाहेर काढून बघते. बारीक खड्डे किंवा वाळूसारखे कण दिसले तर हॅट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायची आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर हवेतला ओलावा फेल्टवर धरतो.

ती हॅट नुसती ठेवून देऊ नकोस मात्र. घाल, डोक्यावर असलेल्या हॅटला कसर लागत नाही.

इगतपुरीचा_नातू

ताई, पट्टी मागून चिकटवली, घरातल्या जुन्या पर्सचं अस्तर वापरलं, हाताला लागत नाही. टाके दोनच लागले.

रविवारी इगतपुरीला जातोय, जुनी लाइन बघायला. पाऊस असेलच तिकडे. हीच घालून जाणार आहे, बॅगेत एक कोरडा पंचा घेतलाय.

निफाडचा_बागाईतदार

ट्रेनच्या दारात उभं राहू नका भाऊ, घाटात वारा फार. हनुवटीखालून दोरी लावा नाहीतर हातात धरा. कडेला.